मागून चालणारा प्रेक्षक

शिकारी कुत्र्यांच्या कसोट्या पाहावयास जाणाऱ्या लोकांत एक वर्ग असा असतो की, त्याला कुत्र्यांतले फारसे काही कळत नसते. तो जातो घोड्यांच्या ओढीने. अमेरिकेच्या दक्षिण भागात ज्या मोठ्या कसोट्या भरतात, त्या घोड्यावर बसूनच पाहाव्या लागतात. परीक्षक घोड्यावर, कुत्र्याचा शिक्षक घोड्यावर, त्याचा मदतनीस घोड्यावर आणि प्रेक्षकही घोड्यावर. कुत्र्याचे निमित्त करून सकाळभर खोगिरावर बसण्याची ही संधी अश्वप्रेमी मनुष्य सहसा दवडीत नाही. आम्हीही ह्याच वर्गातले. वसईच्या टांग्यांच्या घोड्यांनी बालपणी लावलेली गोडी धर्मगुरूचा झगा अंगावर आला तरी सुटली नाही. परंतु आमची आवड हा ह्या लेखाचा विषय नव्हे. ह्या कसोट्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास चाळीत असता एक प्रश्न आम्हांस पुन्हापुन्हा भेटत गेला, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते. तो प्रश्न असा: माणूस प्राण्यांचा खेळ पाहतो तेव्हा त्याने नेमके कोठे असावे? प्राण्याच्या समोर, की प्राण्याच्या मागे?

धर्मगुरूने ह्या विषयात पडावे काय, अशी शंका कोणी काढील. ती अगदीच निराधार नाही. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेच्या पंधराव्या नियमाने धर्मगुरूंना शिकार करण्याची मनाई केली, आणि शिकारी कुत्रे व पक्षी बाळगू नयेत असेही बजावले. १९१७ च्या धर्मसंहितेतील १३८ व्या कलमाने तोच सूर कायम ठेवला: धर्मगुरूने शिकारीच्या नादी लागू नये, आणि गाजावाजाची शिकार तर कधीच करू नये. १९८३ च्या नव्या संहितेत शिकारीचा हा उल्लेख राहिला नाही. पण ज्या ख्रिस्तसभेने धर्मगुरूंच्या दारातून शिकारी कुत्रे हाकलले, त्याच ख्रिस्तसभेने शिकाऱ्यांना एक आश्रयदाता संतही दिला. लिएजचे महागुरुस्वामी संत ह्युबर्ट इसवी सन ७२७ मध्ये निवर्तले. त्यांचा सण ३ नोव्हेंबरला येतो, आणि त्या सुमारास युरोपात ठिकठिकाणी कुत्र्यांना व घोड्यांना आशीर्वाद देण्याची प्रथा आहे. आर्डेनच्या अरण्यात सांबरामागे धावणाऱ्या ह्युबर्टना त्याच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला, ही कथा प्रसिद्ध आहे. मुळात ती संत युस्टेस ह्यांच्या चरित्रातील असून पुढे ह्युबर्ट ह्यांना जोडली गेली, असे अभ्यासक सांगतात. कथा कोणाचीही असो, तिचा मर्मबिंदू एकच आहे. शिकारी थांबतो, हातातले शस्त्र खाली येते, आणि ज्याला मारावयाचे त्याच्याकडे तो प्रथमच पाहतो. मारणारा पाहणारा होतो. रानातील कसोट्यांचा इतिहासही, एका अर्थी, ह्याच वळणाचा इतिहास आहे.

हे वळण इंग्लंडमध्ये आले. बंदुकीच्या शिकारीसाठी तेथे पॉइंटर आणि सेटर अशा कुत्र्यांच्या दोन जाती पूर्वीपासून जोपासल्या जात. ह्या कुत्र्यांचे काम पक्षी पकडण्याचे नव्हे. गवतात दडलेल्या पक्ष्यांचा वास लागताच जागच्या जागी थिजून उभे राहायचे आणि मागून येणाऱ्या मालकाला जागा दाखवायची, एवढेच त्यांचे काम. १८५९ साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले सार्वजनिक प्रदर्शन भरले, ते ह्याच दोन जातींचे होते. प्रदर्शनात कुत्रा प्रेक्षकांसमोर उभा केला जाई, आणि परीक्षक त्याचे डोके, छाती, पाय पाहून निकाल देत. परंतु शिकारी लोकांना लवकरच उमगले की, देखणा कुत्रा कामाचा असेलच असे नाही. नाकाची परीक्षा डोळ्यांनी कशी व्हावी? सहाच वर्षांनी, १८६५ च्या एप्रिल महिन्यात, बेडफर्डशायर परगण्यातील साउथहिल येथे व्हिटब्रेड घराण्याच्या जमिनीवर पहिली रानातील कसोटी घेण्यात आली. म्हणजे प्रदर्शन आणि कसोटी ही दोन भावंडे. थोरले माणसाच्या डोळ्यांसाठी, धाकटे कुत्र्याच्या नाकासाठी. पुढे दोघांच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या की, प्रदर्शनातला लांब केसांचा डौलदार सेटर आणि रानातला सडपातळ सेटर ही एकाच जातीची लेकरे आहेत हे सांगूनही पटत नाही.

अमेरिकेत पहिली नोंदलेली कसोटी १८७४ च्या ऑक्टोबरात टेनेसी राज्यातील मेंफिस शहराजवळ झाली, आणि नाइट नावाच्या काळ्या सेटरने ती जिंकली. १८९६ साली मिसिसिपी राज्यातील वेस्ट पॉइंट येथे राष्ट्रीय अजिंक्यपदाची कसोटी सुरू झाली. काउंट ग्लॅडस्टन चौथा ह्या सेटरला पहिला मान मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ही कसोटी टेनेसीतील ग्रँड जंक्शन ह्या लहानशा गावी आली. मॅसॅच्युसेट्सचे उद्योगपती होबार्ट एम्स ह्यांनी १९०१ साली गावाजवळ जमीन घेतली होती. १९१५ पासून ही कसोटी त्यांच्या जमिनीवर, म्हणजे एम्स प्लँटेशनवर होऊ लागली. एम्स स्वतः दीर्घकाळ परीक्षक होते. उत्तम कुत्रा कोणता, ह्याविषयी त्यांनी घालून दिलेला दंडक आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचे निधन १९४५ साली झाले. पुढे १९५० मध्ये त्यांच्या पत्नी जूलिया ह्यांच्या इच्छेनुसार ही मालमत्ता एका विश्वस्त निधीकडे गेली. अठरा हजार एकरांहून मोठ्या ह्या भूमीवर शेते, गवताळ माळ, ओढे आणि जंगल ह्यांची सरमिसळ आहे.

फेब्रुवारी महिन्यात होणाऱ्या ह्या कसोटीची रीत साधी, पण कठोर आहे. रोज सकाळी एक आणि दुपारी एक अशी कुत्र्यांची जोडी सोडतात. प्रत्येक जोडीला पूर्ण तीन तास धावावे लागते. कुत्रा पुढे अर्धा-अर्धा मैल जाऊन दोन्ही बाजूंचे रान धुंडाळतो. तो शोधतो तो पक्षी म्हणजे बॉबव्हाइट. आपल्याकडील लाव्यासारखा, थव्याने राहणारा, गवतात बेमालूम मिसळणारा. थव्याचा वास लागला की कुत्रा दगडासारखा उभा राहतो. जोडीतील दुसऱ्या कुत्र्याने ते पाहताच, स्वतःला वास लागलेला नसतानाही, लांबच थांबून पहिल्याचा मान राखायचा असतो. मग शिक्षक घोड्यावरून उतरतो, गवत तुडवीत पुढे जाऊन पक्षी उठवतो, आणि ते भुर्रकन उडताच बार काढतो. बार रिकामा असतो. एकही पक्षी मरत नाही. कुत्र्याने मात्र पंखांचा फडफडाट आणि बंदुकीचा आवाज ह्या दोहोंनाही न भुलता जागेवरून हलावयाचे नाही. ज्याच्या मागे धावण्यासाठी त्याचे रक्त उसळत असते, ते डोळ्यांसमोरून उडून जात असता तो उभा राहतो. संयम हा शब्द आम्ही प्रवचनांतून पुष्कळदा वापरतो. त्याचे इतके स्पष्ट चित्र क्वचितच पाहावयास मिळते.

ह्या सर्वांच्या मागून प्रेक्षकांचा घोडेस्वार तांडा चालतो. त्याला तेथे गॅलरी म्हणतात. परंतु नाट्यगृहातल्या गॅलरीला रंगमंच दिसतो, आणि ह्या गॅलरीला बहुधा काहीच दिसत नाही. प्रेक्षकांनी परीक्षकांच्या पुढे जावयाचे नाही, मोठ्याने बोलावयाचे नाही, पक्षी उठतील अशा जागी घोडा घालावयाचा नाही. ह्यासाठी मार्शल नेमलेले असतात, आणि त्यांचा शब्द अखेरचा. काही वर्षांपूर्वी मेंफिस धर्मप्रांतातील एका धर्मगुरुमित्रांकडे आमचा मुक्काम असता एका सकाळच्या फेरीत आम्ही ह्या तांड्यात होतो. बसावयास मिळाली होती एक शांत स्वभावाची, वयस्क घोडी. तीन तासांत कुत्रे आमच्या दृष्टीस पडले ते सारे मिळून दहा मिनिटेही नसतील. बाकी वेळ समोर हालणारे घोड्यांचे पुठ्ठे, थंड वाऱ्यात डोलणारे पिवळे गवत, आणि दूरवर कोणीतरी टोपी वर केल्याची खूण. टोपी वर झाली म्हणजे कुत्रा उभा राहिला. मग सगळा तांडा श्वास रोखून थांबे. ज्यांना करमणूक हवी होती ते तासाभरात परतले. जे राहिले, त्यांच्या तोंडावर चर्चमध्ये दीर्घ विधी चालू असताना दिसते तशी एक स्वस्थता होती.

तीन तास खोगिरावर बसूनही पन्नाशीच्या मनुष्याची कंबर शाबूत राहते, ह्याचे श्रेय त्या प्रांतातील घोड्याच्या चालीला आहे. टेनेसी वॉकिंग हॉर्स ह्या नावाने ती जात प्रसिद्ध आहे. तिची खास चाल म्हणजे झपझप चालणे. ही दुडकी नव्हे आणि दौडही नव्हे. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पुढे पडतो, मान तालात डोलते, आणि स्वाराला हिसका म्हणून बसत नाही. अनेक जातींच्या मिश्रणातून ही जात तयार झाली. १८८६ साली जन्मलेला ॲलन नावाचा काळा घोडा हा तिचा मूळपुरुष मानला जातो. लुइसबर्ग येथे १९३५ मध्ये तिची नोंद ठेवणारी संघटना स्थापन झाली. ही चाल शोभेसाठी घडलेली नव्हती. मोठ्या मळ्यांवर दिवसभर फिरणाऱ्या माणसाला थकवा येऊ नये, ही तिची गरज होती.

आता ह्याच जातीच्या घोड्याचे दुसरे नशीब पाहा. टेनेसीतच, शेल्बीव्हिल गावी, १९३९ पासून ह्या घोड्यांचा मोठा वार्षिक सोहळा भरतो. स्ट्रोलिंग जिम हा त्याचा पहिला विजेता. येथे घोडा रानात जात नाही. विजेच्या प्रकाशात, रिंगणात, हजारो प्रेक्षकांसमोर येतो. प्रेक्षकांना त्याच्या पुढच्या पायांची उंच उचल आवडू लागली. जितकी उचल अधिक, तितक्या टाळ्या अधिक, आणि जितक्या टाळ्या अधिक तितकी घोड्याची किंमत अधिक. विसाव्या शतकाच्या मध्यास काही शिक्षकांना जवळची वाट सापडली. घोड्याच्या खुरांवरच्या नाजूक भागाला मोहरीचे तेल, रॉकेल किंवा अन्य दाहक द्रव्ये चोळावयाची, त्यावर साखळ्या बांधावयाच्या, खुरांखाली जड थर ठोकावयाचे. मग पाय जमिनीला टेकताच वेदना होई, आणि घोडा तो झटकन उंच उचली. प्रेक्षक त्या वेदनेला डौल समजून टाळ्या वाजवीत. हे प्रकार थांबवण्यासाठी अमेरिकेच्या सरकारला १९७० साली अश्वसंरक्षणाचा कायदा करावा लागला. तरीही दुखणे मुळातून गेले नाही. २००६ च्या सोहळ्यात सरकारी तपासनिसांनी घोडे अपात्र ठरवल्यावरून इतका वाद झाला की, त्या वर्षी सर्वोच्च विजेता निवडलाच गेला नाही.

एकच राज्य, एकच जात, एकच चाल. रानात ती चाल माणसाला प्राण्याच्या मागे नेते; रिंगणात तीच चाल प्राण्याला माणसाच्या डोळ्यांपुढे नाचवते. हा फरक शिक्षकांच्या चांगुलपणाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. चांगली-वाईट माणसे दोन्हीकडे असतात. हा फरक मुख्यतः प्रेक्षकाच्या जागेचा आहे. प्रेक्षक एका जागी बसला आणि खेळ त्याच्यापुढे आणावयाचा ठरला, की खेळातील सगळे काही त्याच्या डोळ्यांना भावेल असे वाकवावे लागते. डोळ्यांना लवकर सवय होते, म्हणून दर वर्षी थोडे अधिक वाकवावे लागते. शेवटी प्राण्याचा मूळ स्वभावच मोडतो. उलट, प्रेक्षकाला प्राण्याच्या मागून, त्याच्या रानात, त्याच्या वेळेने जावे लागले, तर वाकावे लागते ते प्रेक्षकालाच.

ख्रिस्ती परंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तेर्तुलियन ह्यांनी रोमी खेळांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. संत अगस्तीन ह्यांनी 'कन्फेशन्स'च्या सहाव्या भागात आपला मित्र अलिपियस ह्याची हकीकत सांगितली आहे. मित्रांनी बळेच रोमच्या आखाड्यात नेले असता त्याने निश्चयाने डोळे मिटून घेतले. पण गर्दीची आरोळी कानी येताच ते उघडले, आणि समोरचे क्रौर्य तो जणू पिऊ लागला. अगस्तीन येथे योद्ध्याच्या जखमेपेक्षा प्रेक्षकाच्या जखमेविषयी अधिक बोलतात. पुढे १५६७ साली पोप पायस पाचवे ह्यांनी बैलांशी झुंजण्याचे खेळ भरवणाऱ्या राजांना व सरदारांना बहिष्काराची शिक्षा जाहीर केली. आठच वर्षांनी, १५७५ मध्ये, तेराव्या ग्रेगरी ह्यांना स्पेनच्या प्रापंचिकांसाठी ती सैल करावी लागली. प्रेक्षकांची भूक पोपच्या फर्मानालाही पुरून उरते, हे त्या आठ वर्षांनी दाखवून दिले.

रानातील कसोटीला आम्ही निष्कलंक ठरवीत आहोत, असा समज मात्र वाचकांनी करून घेऊ नये. कुत्र्याचा तो सुंदर संयम घडवताना विजेचा झटका देणारे पट्टे वापरले जातात, आणि ते वापरणारे सगळेच हात सावध नसतात. शिवाय, मागून चालणाऱ्याला पुढचे सगळे दिसतेच असे नाही. एम्स प्लँटेशनवरील जो जुना वाडा पाहून प्रेक्षक हरखतात आणि ज्याच्या पायऱ्यांवरून विजेत्याची घोषणा होते, तो १८४७ साली जॉन वॉकर जोन्स ह्या मळेवाल्याने बांधला. त्याचा कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत असे. ज्या घोड्यांची आरामशीर चाल आम्हांस सुखावते, तीही मुळात अशाच मळ्यांवर, शेतात राबणाऱ्यांवर देखरेख करीत हिंडणाऱ्यांच्या सोयीची होती. १८६२ च्या नोव्हेंबरात, यादवी युद्ध चालू असता, मळ्यांवरून पळून आलेल्या गुलामांसाठी जनरल ग्रँट ह्यांच्या आज्ञेवरून एक छावणी उघडण्यात आली, ती ह्याच ग्रँड जंक्शन गावी. तिची व्यवस्था जॉन ईटन नावाच्या लष्करी धर्मोपदेशकाकडे सोपवली होती. रेल्वेचे दोन मार्ग जेथे मिळतात तेथे अन्न, वस्त्र आणि मोकळा श्वास शोधीत आलेली ती माणसे. त्यांच्या मुलानातवंडांपैकी कित्येकांनी पुढे दक्षिणेतल्या मळ्यांवर कुत्रे वाढवले, घोडे हाकले, हरवलेला कुत्रा झाडोऱ्यातून शोधून आणणाऱ्या मदतनिसाचे काम केले. निकालाच्या यादीत कुत्र्याचे नाव येते, मालकाचे येते, शिक्षकाचे येते. मदतनिसाचे नाव पुष्कळदा येतच नाही. प्राण्याकडे आदराने पाहावयास शिकलेली नजर शेजारच्या घोड्यावरील माणसावरून घसरून जाते, ह्याहून मोठी विसंगती कोणती?

आणखी एक गोष्ट मागून चालणाऱ्याला उशिरा दिसली. तो पक्षीच कमी होऊ लागला. हर्बर्ट स्टॉडर्ड ह्यांनी १९३१ साली बॉबव्हाइटवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि नेमस्तपणे लावलेला वणवा ह्या पक्ष्याच्या रानाला मारक नसून तारक आहे, हे त्या काळच्या वनखात्याच्या मताविरुद्ध जाऊन सांगितले. पण शेते मोठी झाली, बांधावरची झुडपे गेली, गवताच्या नव्या दाट जाती आल्या, आणि गेल्या काही दशकांत हा पक्षी अमेरिकेच्या मोठ्या भागातून ओसरला. पक्षी नसेल तर कुत्र्याचे नाक कशासाठी, आणि घोड्याचा प्रवास कोठे? ज्यांना ही कसोटी प्रिय आहे, त्यांतील अनेक जण आज रान राखण्याच्या कामी पैसा आणि वेळ देतात. प्रदर्शनाच्या प्रेक्षकाला रानाची गरज भासत नाही. त्याचे काम वाळूच्या रिंगणावर भागते.

कॅथलिक धर्मशिकवणुकीच्या ग्रंथात, २४१६ ते २४१८ ह्या परिच्छेदांत, प्राणी ही देवाची निर्मिती असून त्यांना विनाकारण यातना देणे हे मनुष्याच्याच प्रतिष्ठेला बाधक आहे, असे सांगितले आहे. माणसाने आपल्या गरजांसाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास तेथे मनाई नाही. टाळ्या ही गरज आहे काय, हा प्रश्न प्रत्येक प्रेक्षकाने स्वतःस विचारावा. आपल्या बायबलमधील तोबितच्या पुस्तकात तरुण तोबियास प्रवासास निघतो तेव्हा देवदूत बरोबर असतो, आणि एक कुत्राही निघतो. त्या कुत्र्याला तेथे काही पराक्रम करावयाचा नाही. तो सोबत जातो, आणि सोबत परत येतो. पवित्र शास्त्राने त्याची एवढीच नोंद घेतली, आणि ती पुरेशी आहे.

प्राण्यांच्या खेळाला जावे की जाऊ नये, ह्याचा सरसकट निवाडा आम्ही देऊ शकत नाही. जावयाचे ठरलेच, तर आपल्यासाठी कोणती जागा राखून ठेवली आहे ती आधी पाहावी. जेथे सर्वांत चांगली बैठक सर्वांत पुढची आणि सर्वांत महाग असते, तेथे त्या तिकिटाची राहिलेली किंमत कोणीतरी मुका जीव फेडीत असण्याचा संभव फार. जेथे सगळ्यांना मागून, मुकाट्याने आणि थंडीत चालावे लागते, तेथे निदान विचार करावयास वेळ मिळतो. आणि शेजारच्या घोड्यावर कोण बसला आहे, त्याचे नाव काय, हे विचारावयासही.